डोक्याएवढा डाग

१

अधारतालचं ते घर आम्ही घेतलं तेव्हा मला पाचवा महिना होता. मागच्या अंगाला दहा बाय अकराची एक खोली होती, तिला परसाकडे उघडणारी मोठी खिडकी. आधीचे मालक म्हणजे निवृत्त नवरा-बायको, मूलबाळ नसलेले. त्या खोलीत ते जुनी मासिकं आणि शिलाई मशीन ठेवायचे. बाळासाठी हीच खोली, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

मी रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढते. कागदावर खोली आखायची म्हटली की माझा हात आपोआप चालतो. खोलीला रूप कसं द्यायचं, तेवढंच ठरत नव्हतं. सासूबाईंकडे, म्हणजे आईंकडे, त्यांच्या लग्नातलं सागवानी कपाट होतं आणि ते त्यांना बाळाच्या खोलीत हवं होतं. मला सगळं मोकळं, फिकट, सरळ रेषांचं हवं होतं. मग फोनवर चाळता चाळता एक शब्द सापडला, ट्रान्झिशनल. जुन्या आणि नव्याच्या मधलं. कपाट ठेवायचं, पण त्याच्या पितळी मुठी काढून साध्या बसवायच्या. पाळण्याचे पाय खरादावर कातून काढलेले, जुन्या घाटाचे, आणि वरचे गज सरळ, पांढरे. भिंती राखाडी आणि बिस्किटी यांच्या मधल्या रंगाच्या.

काम घेतलं पुंडलिककाकांनी. गोहलपुरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मूळचे अमरावतीकडचे, त्यामुळे या हिंदी शहरातही आमच्याशी मराठीत बोलायचे आणि मध्येच हिंदीत शिरायचे. लाकूड, रंग, पडदे, सगळं दोन मजुरांना घेऊन स्वतः करायचे. माझा नकाशा पाहून ते म्हणाले, "म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. चलो, करून टाकू."

आईंना पाळणा आधी बनवणं पसंत नव्हतं. बाळ घरी येईपर्यंत त्याच्यासाठी काही आणायचं नाही, असं त्यांच्याकडे पाळतात. त्यांनी एकदा सांगितलं, विपुलनं हसण्यावारी नेलं. विपुल माझा नवरा. फॅक्टरीत तपासणी विभागात आहे. मोजमापात बसत नाही ते चुकीचं, एवढा त्याचा हिशेब सरळ.

२

नोव्हेंबरच्या शेवटी रंग पूर्ण झाला. ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी मला लवकर रजा घ्यायला लावली होती. विपुल सकाळी सातला निघायचा, आई अंघोळ-पूजा करून स्वयंपाकाला लागायच्या, आणि मी चहाचा कप घेऊन त्या खोलीत जाऊन बसायची. दहा वाजता खिडकीतून ऊन आत यायचं. रंगाचा वास, नव्या लाकडाचा वास, आणि ती अजून कोणाचीच नसलेली खोली. मला फार बरं वाटायचं तिथं.

पाळणा आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मला पाळण्याशेजारच्या भिंतीवर डाग दिसला. जमिनीपासून थोडा वर, संत्र्याएवढा गोल, कडेला फिकट होत गेलेला. मी पुंडलिककाकांना फोन केला. ते आले, खाली बसून पाहिलं, बोट लावून वास घेतला.

"तेल आहे, दीदी," ते म्हणाले. "कोणी बसलं होतं काय इथं डोकं टेकून?"

असा डाग आपल्यापैकी प्रत्येकानं पाहिलेला असतो. तेल लावलेलं डोकं रोज एकाच ठिकाणी टेकलं की भिंतीवर उमटतो तो. पण तसा डाग पडायला महिने लागतात, आणि त्या भिंतीचा रंग वाळून आठ दिवस झाले होते. शिवाय तो होता माझ्या गुडघ्याच्याही खाली. तिथं डोकं टेकायला माणूस फार लहान लागतो.

मजुरांपैकी कोणी तेलकट बोळा टेकवला असेल, असं काकांनी ठरवलं. मीही तेच ठरवलं. त्यांनी सँडपेपरनं तेवढी जागा घासली आणि वरून रंगाचा हात मारला.

३

पाच दिवसांनी डाग परत आला. त्याच जागी नाही. वर.

तेलाचा डाग रंगातून पुन्हा फुटतो, हे मला माहीत होतं. पण फुटतो तो जिथं होता तिथंच. मी सवयीनं स्टीलची टेप काढली आणि डागाची वरची कड मोजली. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. पहिला डाग मी मोजला नव्हता, पण पंचेचाळीसच्या आसपास असावा.

त्याच दिवशी पाळण्याच्या वरच्या दांडीवर, आतल्या बाजूनं, मला खुणा दिसल्या. बारीक, दोन-दोनच्या जोडीनं, पांढरा रंग खरवडून खालचं लाकूड दिसेल इतक्या. मी उंदीर म्हणाले. विपुलही उंदीर म्हणाला आणि त्यानं पिंजरा आणून ठेवला. पिंजऱ्यात काही अडकलं नाही. पुंडलिककाका दांडी घासायला आले तेव्हा त्यांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या नातवानं पलंगाची दांडी अशीच केली होती. दात येत होते तेव्हा." मग ते घासत राहिले.

डिसेंबरच्या मध्यात डाग शहाऐंशीवर होता. प्रत्येक वेळी मी तो घासून रंगवून घेत होते. प्रत्येक वेळी तो नव्या उंचीवर, पण पाळणा आणि खिडकी यांच्या मधल्या त्याच दोन हात जागेत उमटत होता. थोडा मोठा होत होता. आणि एकदा मी त्यावर तळवा ठेवला तेव्हा तो कोमट लागला. उन्हामुळे, असं मी स्वतःला सांगितलं. ऊन त्या भिंतीवर येत नव्हतं. ते समोरच्या भिंतीवर पडायचं.

४

आकडे मी कोणाला दाखवले नव्हते. एका कागदावर तारखा आणि उंची लिहून तो फाइलमध्ये ठेवला होता. त्या फाइलमध्येच डॉक्टरांनी दिलेली लसीकरणाची पुस्तिका होती. तिच्या शेवटच्या पानावर मुलांच्या वाढीचा आलेख असतो, वयाप्रमाणे उंची दाखवणारा. एका सकाळी मी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

चौऱ्याहत्तर म्हणजे एक वर्ष. शहाऐंशी म्हणजे दोन. आदल्या दिवशी मोजलेले पंच्याण्णव म्हणजे तीन.

संध्याकाळी विपुल आला तेव्हा मी त्याला दोन्ही कागद दाखवले. त्यानं नीट पाहिले. तो माझी टिंगल करणारा माणूस नाही. त्यानं टेप घेऊन स्वतः मोजलं, भिंतीवर टिचक्या मारून ओल आहे का पाहिलं, मागच्या बाजूला जाऊन पाण्याचा पाइप तपासला. मग म्हणाला, की चार-पाच आकडे कुठल्याही आलेखावर बसवता येतात, ओल खालून वरच चढते, आणि मी दिवसभर घरात एकटीनं विचार करत बसते. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला त्या खऱ्या वाटायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आई त्या खोलीत आल्या. तोपर्यंत त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहायच्या. कपाटात काही ठेवायचं म्हणून आत आल्या आणि मध्येच थांबल्या. नाक वर करून त्यांनी वास घेतला.

"प्रणोती, तू इथं कोणाला बसवून राहिली काय गं?"

मी विचारलं, काहून असं वाटलं.

"वापरातली खोली वाटते," त्या म्हणाल्या. "पोर खेळून आत्ताच बाहेर गेल्यासारखी."

त्यांनी कपाटाचं दार लावलं आणि निघून गेल्या. पुन्हा त्या खोलीत आल्या नाहीत.

५

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डाग एकशे तीनवर होता. मी घासला, पुंडलिककाकांनी रंगवला. तोवर ते काही विचारेनासे झाले होते. डबा आणायचे, ब्रश फिरवायचे, चहा न घेता जायचे.

मग डाग पुन्हा आला. एकशे तीन.

पुन्हा घासला. पुन्हा एकशे तीन. चार वेळा. पुस्तिकेत पाहायची गरज नव्हती, पण मी पाहिलं. चार वर्षं.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डाग वर चढत होता तोवर ती एक विचित्र गोष्ट होती, पण तिच्यात एक चाल होती. कोणीतरी मोठं होत होतं. आता मी रोज सकाळी टेप घेऊन त्या भिंतीपाशी जायची आणि एकशे चार दिसावं म्हणून वाट बघायची. एकशे चार दिसलं असतं तर मी पेढे वाटले असते, असं म्हणायला हरकत नाही. पोटात बाळ लाथा मारत होतं आणि मी भिंतीवर एक सेंटिमीटर शोधत होते.

आवाज त्याच दिवसांत सुरू झाला. जेवणं झाल्यावर आई पडायच्या आणि घर शांत व्हायचं. तेव्हा मागून यायचा. ठप्. जरा थांबून, ठप्. मऊ, पोकळ, घाई नसलेला. कंटाळलेलं मूल भिंतीला टेकून उभं राहतं आणि डोकं हळूच मागं आपटत राहतं, तसा. मी दाराशी पोचले की थांबायचा. एकदा मी धावतच गेले. आवाज थांबला, पण भिंतीला हात लावला तेव्हा ती आतून अजून हलत होती. टाळी वाजवल्यावर तळव्यात काही क्षण उरतं, तसं.

६

मकरसंक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. पुंडलिककाका सकाळीच रंगाचा हात मारून गेले होते. वाळायला म्हणून खिडकी उघडी होती आणि पडदे बाजूला सारलेले. मी परसात दोरीवरचे कपडे काढत होते.

सहज नजर खिडकीतून आत गेली.

जमिनीवर एक बाई बसली होती. माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. केस मोकळे, पाठीवर विस्कटलेले. तिचे दोन्ही तळवे भिंतीवर होते. ती ते खालून वर नेत होती, अगदी सावकाश, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसे. डाग असायचा त्या उंचीवर गेले की थांबायची. मग जरा बाजूला सरकून पुन्हा खालून सुरुवात. मध्येच तिनं गाल भिंतीला लावला आणि तशीच राहिली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं, की ती वास घेत होती.

मला वाटलं, आई. पण त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आईंनी मला हाक मारली, चहात आलं किसू का म्हणून.

मी 'हो' म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा निघाला, त्याचं मला आजही नवल वाटतं.

खोलीतली बाई थबकली. आवाज ऐकू आल्यासारखी. तिच्या पलीकडे पाळणा दिसत होता आणि त्याचा पांढरा रंग पिवळट पडला होता, एका कोपऱ्यात पोपडे निघाले होते. सकाळी तो कोरा होता. तिची मान वळू लागली. मी खाली पाहिलं. हातात विपुलचा शर्ट होता. त्याच्या गुंड्या मी एकेक करून लावल्या, सगळ्या, वरपासून खालपर्यंत. मग वर पाहिलं. खोलीत ऊन होतं, पाळणा होता, पांढरा होता.

मला खात्री होती की ती मी होते. माझे केस तसेच आहेत.

७

ते घर सोडायचं म्हणून मी जेवण सोडलं तेव्हा विपुलनं वाद घालणं सोडलं. फेब्रुवारीत आम्ही राइट टाउनला दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट घेतला. बाळासाठी काहीच आणायचं नाही, हे या वेळी मी सांगितलं. मार्चमध्ये मैत्रेयी झाली. साडीच्या झोळीत झोपली, आमच्याच खोलीत.

अधारतालचं घर विकायचं ठरलं. बघायला जवळच्या पनागरचं एक तरुण जोडपं आलं. ती गीतांजली, शाळेत शिकवायची. मराठी समजायचं, बोलताना हिंदीकडे घसरायची. तिला पाचवा महिना होता. ते येण्याच्या आदल्या दिवशी डाग होताच, एकशे तीनवर, आणि मीच पुंडलिककाकांना शेवटचा हात मारून द्यायला सांगितलं होतं.

गीतांजली त्या खोलीत शिरली आणि उभीच राहिली. तिनं कपाटाला हात लावला, पाळण्याच्या पायांवरून बोटं फिरवली. तिचे डोळे भरून आले. पाळणा इथंच ठेवाल का, तिनं विचारलं. पडदेसुद्धा?

मी विपुलकडे पाहिलं. त्यानं किंचित मान हलवली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, तिला सांगायला हवं. तो म्हणाला, "काय सांगशील? शब्दांत सांगून पाहा मला." मी प्रयत्न केला. स्कूटरवर बसेपर्यंत माझं वाक्य पूर्ण झालं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते पूर्ण करायचं नव्हतं. मला वाटत होतं, जे आहे ते माझ्या मुलीसाठी आहे, आणि मी तिला त्यातून उचलून आणलं आहे. खोली रिकामी करून दिली की झालं.

पुढची चार वर्षं मी दर महिन्याला मैत्रेयीला दाराला टेकवून मोजलं. फ्लॅटच्या भिंतींवर तिच्या हातांचे, रंगखडूंचे, वरणाचे डाग होते, आणि त्यातला एकही मी पुसला नाही. या मार्चमध्ये तिची उंची एकशे चार भरली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. बाहेर आले तेव्हा पहिला विचार गीतांजलीचा आला. चार वर्षांत पहिल्यांदा.

८

मी अधारतालला एकटीच गेले. सकाळी अकराला. गीतांजलीनं मला लगेच ओळखलं, हात धरून आत नेलं. तिचे केस मोकळे होते, पाठीवर, माझ्यासारखेच. तिचा नवरा कामावर होता. चहा ठेवते म्हणाली, पण आधी खोली बघा, तुमचीच आहे.

खोली तशीच होती. पाळण्याच्या जागी छोटा पलंग आला होता, पाळणा कोपऱ्यात सरकवलेला. खिडकीशेजारी भिंतीला टेकून एक मुलगा उभा होता. नुकतीच अंघोळ झालेली, डोक्यावर तेल चपचपीत. तो माझ्याकडे बघत डोकं हळूहळू मागं आपटत होता. ठप्. ठप्.

"सुमेध, नमस्ते करो," ती म्हणाली. मग मला, "हीच सवय आहे त्याला. दिवसभर तिथंच उभा असतो."

तो पुढं आला, माझ्या पाया पडला. मी त्याच्या मागची भिंत पाहिली. कोरी होती. राखाडी आणि बिस्किटी यांच्या मधला तो रंग, जसा आम्ही सोडला होता तसा. मी जवळ जाऊन हात ठेवला. कोमट होती, आणि कोरडी.

गीतांजली हसत होती. "पाहिलं ना, दीदी? पुन्हा रंग द्यावाच लागला नाही. लोकांची पोरं भिंती खराब करून ठेवतात. याचा एक डाग नाही. मेणाचे खडू दिले तरी उमटत नाहीत, काय रंग लावला होता तुम्ही?" मग हळू आवाजात म्हणाली, "कधी कधी वाटतं, काहीतरी राहायला हवं होतं भिंतीवर. मोठा झाल्यावर पाहायला."

डोळ्यांनी मापायची माझी सवय जात नाही. एकशे तीन व्हायला त्याला अजून दोन बोटं कमी होती.

त्याचे सगळे डाग येऊन गेले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी ते पाहिले होते, मोजले होते, आणि एकेक करून घासून काढले होते.

मी तिला सांगितलं. या वेळी वाक्य पूर्ण केलं. तारखा सांगितल्या, आकडे सांगितले, आजच त्याला घेऊन पनागरला जा म्हणाले. तिनं सगळं ऐकलं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग बंद झाला. तिनं सुमेधला उचलून कडेवर घेतलं आणि माझ्या आणि त्याच्या मध्ये खांदा आणला.

"दीदी, तुम्ही आता निघा," ती म्हणाली.

मी निघाले. फाटकापाशी मागं वळून पाहिलं. पुढच्या खोलीच्या खिडकीत तो उभा होता. काचेवर धूळ होती, खूप दिवसांची. त्यानं दोन्ही तळवे काचेवर टेकवले, नाक दाबलं, श्वास सोडला. मग मला टाटा करायला हात काढले.

काचेवरची धूळ जशीच्या तशी होती.